आधी कालचा दिवस जुळव

अरे, तुझा मेल वाचला. तुझं फॅक्टरीचं सिम्युलेशन मॉडेल म्हणतंय शिफ्टला 480 पीस, फ्लोअरवर निघतात 400च्या आसपास, सुपरवायझर तुझ्या प्लॅनकडे ढुंकूनही बघत नाही, आणि तू मला विचारतोयस थ्रीडी ॲनिमेशन टाकू का? नको रे बाबा. आधी कालचा दिवस जुळव.

म्हणजे काल सकाळी ज्या मशीनपुढे जेवढा माल पडून होता तेवढाच मॉडेलमध्ये भर, कुठल्या मशीनवर कुठलं सेटिंग चढलेलं होतं तेही, आणि मग रन कर. तू रिकाम्या फॅक्टरीपासून सुरू करून वॉर्म-अप देतोयस, म्हणजे माल भरेपर्यंतचा सुरुवातीचा वेळ मोजतच नाहीस. नवीन लाइन टाकायची असेल तर ते ठीक, रोजच्या प्लॅनिंगला नाही चालत, कारण सकाळी सात वाजता फॅक्टरी कधी रिकामी नसते.

आणि सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला मशीनवर लागणारा वेळ, सरळ 6 मिनिटं? सरासरी?? एकच मशीन घे, जॉब येणं आणि प्रोसेस होणं दोन्ही एक्स्पोनेन्शियल धर, म्हणजे सरासरी तीच पण प्रत्येक वेळ खूप कमी-जास्त, लोड 80 टक्के असताना जॉब रांगेत सरासरी 24 मिनिटं थांबतो, 90 टक्क्यांना 54! खरा फ्लोअर इतका बेभरवशाचा नसेलही, पण सगळं फिक्स टाकलं तर रांग दिसणारच नाही ना. ब्रेकडाऊनचं तेच, दोन-दोन मिनिटं दहा वेळा अडकलेलं पुढचा बफर, म्हणजे मधे साठलेला माल, पचवतो, एकदम वीस मिनिटं बंद पडलं तर पुढचं मशीन उपाशी राहतं, टोटल सारखीच असली तरी.

सीड, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात, बदलून तीसेक रन घे आणि रेंज सांग, एक आकडा नको.

साहेब म्हणतील वेळ नाही, डॅशबोर्ड दे. माझेही म्हणायचे. कालचा दिवस जुळेपर्यंत मी उद्याचा आकडा कुणाला द्यायचो नाही, त्यापायी एक प्रमोशन गेलं, अजून सलतं ते. तरी परत तेच करीन. खोट्या आकड्यावर माणसं ओव्हरटाइमला थांबवली की पुढे खरा आकडा दिला तरी कोण ऐकतंय!

तर ॲनिमेशन बंद कर. बारीकसारीक स्टॉपेज सिस्टिममध्ये बहुतेक नसतातच, ते ऑपरेटरला विचार, आणि तासागणिक किती पीस निघाले ते मॉडेलच्या शेजारी लाव. टोटल जुळली पण तास जुळले नाहीत तर जुळलं म्हणू नकोस. जुळलं की फाइल पाठव, त्याआधी नको.