एम्युलेटरला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या पीसीवरील ऑपरेटिंग सिस्टिमच्या) काळातले गेम आणि सॉफ्टवेअर आजच्या लॅपटॉपवर एम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राची जागा घेणाऱ्या प्रोग्रॅमने, कसे चालवायचे, यावर मी मराठीत लेख लिहितो आहे. 'एम्युलेशन'साठी मी 'अनुकरण' लिहिले, तर मित्र म्हणाला, मग 'सिम्युलेशन'ला काय लिहिशील? 'नक्कल' किंवा 'आभासक' चालेल का?

उत्तर: मित्राची शंका रास्त आहे. दोन्हींना 'अनुकरण' लिहिले की नेमका तुमच्या लेखाचा विषयच पुसट होतो. फरक कोणाला पटवायचे यात आहे. वैमानिकाला शिकवताना सिम्युलेटरमध्ये बसवतात. समोर धावपट्टी दिसते, खुर्ची डुलते, पण इंजिन कुठेच नसते. तिथे पटायला हवे ते माणसाला. एम्युलेटरमध्ये पटायला हवे ते प्रोग्रॅमला. माणसाला तर पक्के ठाऊक असते की आपण नव्या लॅपटॉपवर बसलो आहोत. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या प्रोग्रॅमला मात्र ते कळता कामा नये.

आता तुमचे शब्द बघू. 'अनुकरण' आपण वागणुकीचे करतो: थोरांचे, शेजाऱ्यांचे, परदेशी चालीरीतींचे. अनुकरण करणारा वेगळा आहे हे सगळ्यांना दिसत असते आणि त्यात कोणाची खात्री पटवायची नसते. 'नक्कल' या विषयात सरळ घोटाळा करते. 'मी जुन्या गेमची नक्कल चालवतो' म्हटले की वाचक पायरेटेड कॉपी असे समजेल, कारण कागदपत्राची नक्कल म्हणजे प्रत, हा अर्थ मराठीत घट्ट बसलेला आहे. 'आभासक'ही नको. 'आभासी' हा शब्द व्हर्च्युअल या अर्थाने रुळला आहे आणि ते तंत्र वेगळे: तिथे बऱ्याचशा सूचना आजचाच प्रोसेसर थेट पार पाडतो.

अर्थाने सगळ्यात जवळ जाणारा मराठी शब्द खरे तर 'तोतया' आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा प्रश्न हाच होता की खाणाखुणा विचारल्यावर तो उत्तरे देऊ शकतो का. पण तोतया म्हणजे लबाडी, आणि एम्युलेटर कोणाला लुबाडत नाही. म्हणून लेखात तो वापरू नका.

मी सुचवेन ते क्रियापद: वठवणे. आपण भूमिका वठवतो. सोंग वठते किंवा वठत नाही. हुंडी वठवतात आणि चेकही वठतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: समोरच्याने ते खरे म्हणून स्वीकारले की काम झाले. 'डॉसबॉक्स आजच्या लॅपटॉपवर जुना पीसी वठवतो' या वाक्यात एम्युलेशनचा पूर्ण अर्थ आला (डॉसबॉक्स हा डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा एम्युलेटर). झाडही वठते, पण त्याची अडचण येत नाही, कारण झाड कोणी 'वठवत' नाही.

हा शब्द किती चपखल बसतो ते एका उदाहरणात दिसेल. १९९० च्या आसपासचे अनेक डॉस गेम आवाजासाठी ॲडलिब कार्ड वापरत; त्यावर यामाहाची वायएम३८१२ ही चिप असे. गेम सुरू होताना कार्ड आहे का याची चाचणी घेई. हेक्साडेसिमल ३८८ या पोर्टवरून, म्हणजे कार्डाशी बोलण्याच्या ठरलेल्या पत्त्यावरून, तो चिपला सांगे: दोन्ही टायमर थांबव, मग स्थिती कळव. आलेल्या बाइटचे वरचे तीन बिट ००० हवेत. मग पहिला टायमर सुरू करून गेम ८० मायक्रोसेकंद थांबे आणि पुन्हा स्थिती विचारे. आता तेच तीन बिट ११० हवेत. उत्तर चुकले की कार्ड नाही असे धरून गेम मुका चाले. आजच्या लॅपटॉपमध्ये ना ती चिप आहे ना ते पोर्ट. तरी २००२ पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स ही चाचणी पास होतो, कारण त्या चिपचे टायमर त्यात आहेत आणि ८० मायक्रोसेकंद कधी झाले हे त्याला प्रोग्रॅमच्या घड्याळाने ठाऊक असते. इथे माणसाला काही दाखवायचे नाही. चिपची भूमिका वठली, बस्स.

वठवण्यात उणिवाही वठवाव्या लागतात, आणि मला या विषयातले हे सर्वांत सुंदर वाटते. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या पीसींवर सुरू होताक्षणी 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडू लागले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची चूक नव्हती. टर्बो पास्कलसोबत येणारी आणि प्रोग्रॅममध्ये जोडली जाणारी सीआरटी ही तयार युनिट सुरुवातीला घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, रिकामे लूप किती फिरते ते मोजे आणि त्या आकड्याला ५५ ने भागे. यंत्र इतके वेगवान झाले की भागाकार १६ बिटांत मावेना, आणि प्रोसेसर त्याला भागाकाराची चूक ठरवी. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ११ दाबून सायकल्स, म्हणजे वठवलेल्या प्रोसेसरचा वेग, कमी केल्या की तोच प्रोग्रॅम निमूट चालतो. चांगला एम्युलेटर हवा तेव्हा संथ होतो. जुन्या यंत्राचा संथपणा हाही त्या भूमिकेचा भाग आहे.

इंग्रजी शब्दाचा इतिहासही तुमच्या कामाचा आहे. 'एम्युलेटर' हा शब्द या अर्थाने १९६३ च्या सुमारास आयबीएममध्ये वापरात आला. सिस्टिम/३६० ही नवी यंत्रमालिका ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झाली. तिची रचना आधीच्या यंत्रांशी जुळत नव्हती, आणि ग्राहकांकडे १४०१ सारख्या यंत्रांसाठी लिहिलेले प्रोग्रॅम पडून होते. ते नव्याने लिहिणे कोणालाच परवडणारे नव्हते. निव्वळ सॉफ्टवेअरने ते चालवणे फार संथ होई; त्याला तेव्हा सिम्युलेशन म्हणत. नव्या यंत्राच्या मायक्रोकोडमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनासंचातच, जुन्या यंत्राच्या सूचनांची सोय केली, तेव्हा त्याला वेगळे नाव हवे होते, ते हे. त्या व्याख्येने आजचा डॉसबॉक्स सिम्युलेटर ठरला असता! म्हणजे दोन शब्दांमधली सीमा इंग्रजीतही सरकली आहे. मूळ लॅटिन मात्र बोलके आहे: सिम्युलेटच्या मुळाशी 'सारखा' आहे, तर एम्युलेटच्या मुळाशी 'प्रतिस्पर्धी', बरोबरी करू पाहणारा.

लेखात वाइन (Wine) या लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा उल्लेख असेल तर तिथे वठवणे वापरू नका. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प नावातच 'मी एम्युलेटर नाही' असे सांगतो. विंडोज प्रोग्रॅमची मागणी तो लिनक्सला समजेल अशी करून देतो. त्याला 'दुभाषी' म्हणणे योग्य.

'रूपांतर' हा शब्दही जपून वापरा. मराठीचेच उदाहरण घ्या. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने वाढवलेल्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्राचे कार्ड पीसीत बसवले की वर्डस्टार (लेखनाचा), डीबेस (माहितीसाठ्याचा) यांसारख्या डॉस प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसे. त्या काळातली इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतातली फाइल आज युनिकोडमध्ये आणता येते, ते रूपांतर. त्यात मजकूर टिकतो, पण तेव्हाचा पडदा आणि त्यावर टाइप करण्याची रीत परत येत नाही. त्यासाठी जिस्ट कार्ड वठवावे लागेल, आणि डॉसबॉक्स ॲडलिब आणि साउंड ब्लास्टर ही आवाजाची कार्डे व व्हीजीए हे पडद्याचे कार्ड वठवत असला तरी जिस्ट कार्ड वठवत नाही. आपल्या भाषेच्या संगणकीय इतिहासातला हा तुकडा कोणीतरी मनावर घ्यायला हवा.

राहिले नाम. 'वठवक' वगैरे शब्द घडवू नका, कोणी म्हणणार नाही. नाम 'एम्युलेटर' आणि क्रियापद 'वठवणे', ही जोडी पुरेशी आहे. एम्युलेटर पुल्लिंगी, एम्युलेशन नपुंसकलिंगी. 'इम्युलेटर' असेही लिहिलेले दिसते, पण मूळ उच्चार 'ए'चा आहे, तेव्हा तोच ठेवा.