सुईदोरा : खोताच्या वाडीत काय पाहायचं?

प्रश्न : ताई, मी फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘जुनी मुंबई’ या विषयावर सहा कपड्यांचं कलेक्शन करायचंय. फोर्ट, काळा घोडा, गिरगाव असं सगळं फिरले, खूप फोटो काढले. सीएसएमटीच्या कमानी कुर्त्यावर प्रिंट केल्या, जॅकेटच्या पाठीवर ट्राम काढली. मॅडम म्हणाल्या, ‘हे पर्यटकांच्या दुकानातलं वाटतंय.’ मग जुन्या वस्तीतून प्रेरणा घ्यायची म्हणजे नक्की करायचं तरी काय?
— विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुझ्या मॅडमचं म्हणणं मला पटतं. कमान अंगावर छापली की ती कमानीचं चित्र होते, कपड्याला त्यातून काही मिळत नाही. शिवाय तू एकदम अख्खी मुंबई हातात घेतलीस. सहा कपड्यांना एक गल्ली पुष्कळ झाली. माझं ऐकशील तर गिरगावातली खोताची वाडी घे. चर्नी रोडला उतरून चालत जाता येतं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि ही वाडी वसली. पुढचा ओटा, बाहेरून वर चढणारा लाकडी जिना, कौलारू छप्पर, जाळीच्या खिडक्या अशी ती घरं. एकेकाळी साठ-पासष्ट होती, आता निम्मीही उरलेली नाहीत. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांचं घर याच वाडीत आहे, म्हणजे या गल्लीचं आणि कपड्याचं नातं तुझ्याआधीपासूनचं आहे. बाकी घरांतूनही माणसं राहतात, दुपारची झोपतात, ओट्यावर कपडे वाळत घालतात. कॅमेरा बाहेर काढण्याआधी त्यांना विचार. नको म्हणाले तर वही काढ आणि गल्लीत उभी राहून रेखाट. खरं तर आधी वहीच काढ. फोटोत सगळं एका झटक्यात येतं, त्यामुळे डोळा कुठेच थांबत नाही. हाताने काढताना ही फळी त्या फळीला कशी जोडलीय, हे पाहावंच लागतं, आणि तुला तेच हवंय.

एकच वस्तू घेऊन सांगते. तिथल्या काही घरांच्या छपराच्या कडेला कातरकाम केलेली लाकडी पट्टी लागलेली दिसेल. खाली टोकं, मध्ये खाचा. नुसती शोभा म्हणून ती नाही. पावसाचं पाणी कौलांवरून आलं की त्या टोकांवर जमतं आणि तिथून गळून पडतं. फळीच्या खालच्या कडेला ते मुरत बसत नाही, त्यामुळे लाकूड टिकतं. हे एकदा कळलं की त्या पट्टीचं चित्र कुर्त्यावर छापावंसं तुलाच वाटणार नाही. ती पट्टी म्हणजे छपराचा काठ, आणि तुझ्या कुर्त्यालाही खाली काठ आहेच.

आता टेबलावर ये. सरळ कटाचा, दोन्ही बाजूंना चीर असलेला कुर्ता धर. पुढच्या भागाची खालची रुंदी २७ इंच. लाकडावरचं एक टोक सहा इंचांचं असेल तर जसंच्या तसं अंगावर बेढब दिसेल. ते सव्वादोन इंचांवर आण, म्हणजे २७ इंचांत बरोबर १२ टोकं बसतात आणि चिरेच्या दोन्ही कोपऱ्यांना पूर्ण टोक येतं. अर्धं टोक कोपऱ्यात आलं की कितीही सुबक शिवलंस तरी माप चुकल्यासारखं दिसतं. एकेरी कापडाची टोकं पहिल्या धुण्यातच वळतात, म्हणून आतून त्याच आकाराची मलमलची पट्टी लाव, टोकाचा जादा कपडा छाट आणि खाचेत टिपेच्या अगदी जवळपर्यंत कात्री ने. दोरा मात्र तुटू देऊ नकोस. मग उलटव. दुहेरी कापडामुळे खालच्या कडेला थोडं वजनही येतं आणि कुर्ता छान पडतो.

याच टोकांचा कळीदार कुर्ता करायचा म्हटलास तर खरा पेच येतो. घेराची कड गोलाकार असते. सरळ पट्टीचा नमुना तिच्यावर फिरवलास की बाजूची टोकं बाहेरच्या दिशेला झुकतात. छपरावर मात्र प्रत्येक टोक सरळ जमिनीकडे पाहत असतं. मग तू टोकं घेराच्या काटकोनात ठेवणार की सगळी उभ्या धाग्याला समांतर? मला विचारशील तर उभ्या धाग्याला समांतर ठेव, कारण पाणी खालीच पडतं. पण दोन्ही प्रकार मांजरपाटावर कापून, बाईच्या अंगावर घालून, तिला चालवून बघ. ही धडपड जर्नलमध्ये आली की तुझ्या मॅडमना वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही.

बाहेरच्या जिन्याकडे, जाळीच्या खिडक्यांकडेही असंच बघ. जाळी आतल्याला बाहेरचं दाखवते आणि बाहेरच्याला आतलं दाखवत नाही. उन्हाळ्याच्या कपड्यात हे कुठे लागतं, याचा विचार तू कर, सगळं मी सांगणार नाही.

रंग फोटोतून उचलू नकोस. मोबाइल त्या भिंतींना भडक करतो. पिशवीत दोऱ्याची वीसेक रिळं टाकून ने आणि भिंतीला, दरवाज्याला, जिन्याच्या कठड्याला लावून बघ. दुपारी चारनंतर सावलीत बघ. जुळलेल्या रिळांचे दोरे वहीत चिकटव आणि ते कुठे जुळले ते शेजारी लिही. ‘निळा’ म्हणून तू जे आठवणीत घेऊन जातेस, ते रिळाशी लावल्यावर बहुतेक वेळा राखाडीकडे झुकलेलं निघतं.

तिथून ठाकूरद्वार, सीपी टँक, भुलेश्वर, मुंबादेवी असं चालत मंगलदास मार्केट गाठ. माझ्या मते फॅशन शिकणाऱ्या मुलीसाठी मुंबईतला सगळ्यात मोलाचा रस्ता हाच. भुलेश्वरला लेस, काठ, बटणं, गोटा; शेख मेमन स्ट्रीटवर मंगलदासात कटपीस आणि ड्रेसचं कापड; जवळच मुळजी जेठा मार्केटात ठोक व्यापार. आणि १८६९ मध्ये पुरं झालेलं क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आपली महात्मा फुले मंडई, तिथून हाकेच्या अंतरावर. रविवारी जाऊ नकोस, बाजार बंद असतो. दुकानदाराला पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचार, पोत बोटांनी पाह, एक धागा ओढून बघ, ताण्याचा आणि बाण्याचा दोरा सारखा आहे का ते तपास. वाडीत काढलेलं चित्र आणि इथलं कापड एकाच दिवशी हातात आलं की कोणतं चित्र कोणत्या कापडात उतरेल याचा अंदाज आपोआप यायला लागतो. कडक पॉपलीनमध्ये टोक उभं राहतं, शिफॉनमध्ये लोंबतं. लाकडाचं टोक शिफॉनमध्ये आणायचा हट्ट करू नकोस.

सहा कपडे म्हणालीस ना? त्यातले दोन या काठाचे, दोन जिन्याचे, दोन जाळीचे. ट्राम राहू दे.

प्रश्न : नमस्कार. माझं पुण्यात छोटं बुटीक आहे. वरळी कोळीवाडा आणि वांद्र्याची जुनी गावठाणं पाहून आले. कोळणींचं लुगडं आणि ईस्ट इंडियन बायकांचं चौकड्यांचं लुगडं मनात भरलंय. त्यावरून इंडो-वेस्टर्न कपडे करावेत असं वाटतं. पण मैत्रीण म्हणते, दुसऱ्यांचा पेहराव असा घेऊ नये. तुमचं मत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मैत्रिणीची काळजी रास्त आहे, पण घेऊच नये असं मी म्हणणार नाही. कसं घेता यावर ते आहे.

कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट, काष्टा मारलेलं. पाण्यात उतरायचं, होडीत चढायचं, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठायचा, या कामातून ते तसं झालं. म्हणून आधी बाजारात बसलेल्या एखाद्या मावशींना, गिऱ्हाईक नसेल अशा वेळी, विचारा की काष्टा कुठे खोचतात, फडकी (अंगावरून घ्यायचं वस्त्र) कशी घेतात, दिवसभरात काय सुटतं आणि काय सुटत नाही. त्यांनी अर्धा दिवस तुम्हाला शिकवलं तर त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या, तुमच्या शिवणाऱ्या मास्तरांना देता तसेच. कपडा विकताना टॅगवर कोळीवाड्याचं नाव लिहा. त्यांनी परवानगी दिली तर शिकवणाऱ्या बाईंचंही लिहा. सणाचं, लग्नाचं जे असतं ते मात्र बीच-वेअर करू नका. ईस्ट इंडियन समाज मराठी बोलणारा, इथल्याच मातीतला ख्रिस्ती समाज; १८८७ मध्ये त्यांनी हे नाव घेतलं. त्यांच्या घरी लग्नाचं लुगडं पेटीत जपून ठेवलेलं असतं. ते कोणत्या वेळी नेसतात हे त्यांच्याकडूनच ऐका.

चौकडी कापडावर आणणं सगळ्यात सोपं आणि म्हणूनच सगळ्यात कमी कामाचं. तुम्ही रचना घ्या. गुडघ्यापाशी मोकळी आणि कमरेशी घट्ट बसणारी, दोन्ही पायांमधून कापड मागे नेणारी पँट नीट कापता आली तर ती स्कूटरवरून जाणाऱ्या मुलींना रोज घालता येईल. पायांमधल्या जोडावर फार ताण येतो, म्हणून तिथे वेगळा चौकोनी तुकडा (गसेट) घाला, नुसती शिवण उसवेल.

पारशी गाऱ्याचं, म्हणजे भरतकामाच्या पारशी साडीचं, उदाहरण मला यासाठी नेहमी आठवतं. चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी घरांतून तिथलं रेशमी भरतकाम मुंबईत आलं आणि इथल्या साडीला बसेल असं बदलत गेलं. त्यात ‘कोर’ म्हणजे भरतकामाचा वेगळा काठ. तो साडीला शिवतात, साडी विरली की उसवून दुसऱ्या साडीला लावतात. उसवून पुन्हा लावता येणारा काठ ही कल्पना कोणाचाही पेहराव न उचलता तुमच्या बुटीकमध्ये चालू शकते. फोर्ट आणि दादरची पारशी कॉलनी पाहायला जाल तेव्हा हे डोक्यात असू द्या. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही त्याच फेरीत करा. मुंबईच्या निरनिराळ्या समाजांच्या पेहरावांचे मातीचे छोटे पुतळे तिथे आहेत. बुधवारी ते बंद असतं.

प्रश्न : माझे वडील परळच्या गिरणीत होते. मी नोकरी सांभाळून शर्टांचा छोटा ब्रँड सुरू करतोय आणि गिरणगावाला वाहिलेली पहिली मालिका काढायची आहे. चिमणी, भोंगा, संपाच्या मोर्च्याचे फोटो टी-शर्टवर घ्यावेत का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोर्च्याचे फोटो घेऊ नका, असं मी तुम्हाला मनापासून सांगते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. कितीतरी घरांना त्यानंतर गिरणीची कामं परत मिळाली नाहीत. ते चेहरे विकायच्या कपड्यावर मला बघवणार नाहीत, आणि तुमच्या वडिलांनाही बघवतील असं वाटत नाही.

या भागाने कापड केलं, तेव्हा कापडापासून सुरुवात करा. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला गिरणी उभारायला घेतली, तिथून पुढे सव्वाशेहून जास्त वर्षं या शहराने धोतरं, साड्या, लठ्ठा, मलमल, पॉपलीन, मांजरपाट विणला. वडिलांना विचारा, ते साचाखात्यात (विणकाम) होते की त्रासनखात्यात (सूतकताई), आणि त्यांच्या खात्यातून नेमकं कोणतं सूत किंवा कापड निघायचं. आईच्या पेटीत एखादं गिरणीचं पातळ असेल तर त्याची कड बघा. काही कापडांच्या कडेवर गिरणीचा शिक्का असतो. ताक्यावर रंगीत चित्रांची लेबलं चिकटवत, त्यांतलं एखादं कुणाच्या घरात निघालं तर त्याची अक्षरं आणि चौकट नीट उतरवून घ्या. तुमच्या शर्टाच्या आतल्या लेबलाला त्याहून चांगला नमुना मिळणार नाही.

कापडाची कड आपण नेहमी कापून टाकतो. या मालिकेत ती टाकू नका. शर्टाची बटणपट्टी कापडाच्या कडेवरच घ्या, म्हणजे कड उघडी राहील आणि दुमडायची गरजही पडणार नाही. पन्हा कमी असेल तर दोन्ही कडा पुढच्या दोन भागांना वापरा आणि पाठ मधल्या भागातून काढा. कड कधीकधी बाकीच्या कापडापेक्षा जास्त आटते, म्हणून कापण्याआधी सगळं कापड रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. पहिला शर्ट वडिलांच्या मापाचा कापा. कापड हातात घेतल्यावर ते पोताबद्दल जे बोलतील ते लिहून ठेवा. दुसऱ्या खेपेचं कापड घेताना ते तुमच्या उपयोगी पडेल.