फॉलबॅक रिले टाकल्यापासून मेल परत येतात

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा मेल सर्व्हर पोस्टफिक्स या सॉफ्टवेअरवर आहे. सगळे मेल एका रिले कंपनीमार्फत, म्हणजे मेल पुढे पोचवून देणाऱ्या कंपनीमार्फत, जातात. तिचा सर्व्हर अधूनमधून बंद पडतो, म्हणून दुसऱ्या कंपनीत खातं काढून ते फॉलबॅक रिले, म्हणजे पहिला बंद असताना वापरायचा पर्यायी रिले, म्हणून टाकलं. पूर्वी मेल उशिरा का होईना, पोचायचे. आता पहिला रिले बंद पडला की ते लगेच ‘५३० ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’ असा शेरा घेऊन परत येतात. फॉलबॅक काढून टाकू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काढू नका, पण आज रात्रीच दुरुस्त करा. पहिला रिले उत्तर देत नसेल किंवा ४ने सुरू होणारा, म्हणजे तात्पुरता, नकार देत असेल, तर पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवतो आणि ५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. त्या रांगेनेच तुमचे मेल आजवर वाचवले. फॉलबॅक दिला की तो लगेच दुसऱ्या दाराशी जातो. तिथे ५ने सुरू होणारा, म्हणजे कायमचा, नकार मिळाला की विषय संपला, मेल परत. अर्धवट बसवलेला फॉलबॅक नसलेल्यापेक्षा वाईट, तो असा.

५३० म्हणजे तुमचा सर्व्हर तिथे पासवर्ड न देताच गेला. पासवर्डच्या फाईलमध्ये दुसऱ्या रिलेची ओळ आहे का ते आधी बघा. असेल तर अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एका छापखान्याचा सर्व्हर सांभाळताना मी स्वतः इथेच अडकले होते. मेन सीएफमध्ये, म्हणजे पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंगच्या फाईलमध्ये, रिलेचं नाव चौकटी कंसात, पुढे अपूर्णविराम आणि ५८७ हा पोर्टचा क्रमांक असं होतं. पासवर्डच्या फाईलमध्ये नाव होतं, ५८७ होतं, कंस तेवढे राहिले होते. दोन कंसांपायी अख्खी रात्र गेली. ओळ सुधारल्यावर पोस्टमॅप ही आज्ञा चालवा, म्हणजे पोस्टफिक्स वाचतो तो डेटाबेस या फाईलवरून नव्याने बनेल. विसरलात तर डेटाबेस मूळ फाईलपेक्षा जुना आहे, अशी ताकीद लॉगमध्ये दिसेल.

डोमेनच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीत, दुसऱ्या कंपनीचाही उल्लेख हवा. नाहीतर मेल जाईल, पण स्पॅममध्ये पडू शकेल, आणि ठेवीची मुदत संपल्याची सूचना सभासदाला दिसणारच नाही.

मग चाचणी. आधी सॉफ्ट बाउन्स ही सेटिंग ‘येस’ करून पोस्टफिक्स रीलोड करा, म्हणजे काही चुकलं तरी मेल रांगेतच राहतील. फायरवॉलमध्ये पहिल्या रिलेकडे जाणारं ५८७ पोर्ट थोडा वेळ अडवा, स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि मूळ हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद, उघडून तो कुठल्या वाटेने आला, एसपीएफ ‘पास’ आहे का, ते वाचा. परत आलेले जुने मेल रांगेत उरलेले नाहीत, ते नव्याने पाठवावे लागतील.

चाचणी झाली की फायरवॉल मोकळा करा आणि सॉफ्ट बाउन्स आठवणीने बंद करा. तो चालू राहिला तर चुकीच्या पत्त्यावरचे मेलही रांगेत पडून राहतात, आणि सभासदाचा पत्ता चुकलाय हे तुम्हाला ५ दिवस कळत नाही.