आरसे परत बसव

पोरा,

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी वाचला. 'काका, चूक कुणाची? रस्ता माझ्या मोबाईलमध्ये होता, तसा त्याच्याही होता. मग पुढच्या रविवारी मलाच शेवटी का ठेवलंय?' फोन केला असता तर चिडून बोललो असतो. म्हणून लिहितोय. लिहितानाही चिडणारच आहे, पण लिहिलेलं खोडता तरी येतं.

चूक तुझी. रविवारी क्लबाच्या दहा मोटारसायकली बेळगावहून चोर्ला घाटाकडे एकामागे एक निघाल्या, त्यात तू नववा होतास, तो कोल्हापूरचा पाहुणा दहावा. जांबोटीत खानापूरचा रस्ता फुटतो तिथं तू पुढच्यांच्या मागोमाग कणकुंबीकडे वळलास आणि मूठ पिळलीस. तो नाक्यावर आला तेव्हा समोर एकही गाडी नव्हती. धुकं होतं, मोबाईल खिशात, हातात मोजे. रुंद दिसला तो रस्ता त्याने धरला आणि खानापूरकडे निघाला. पुढे ऊस भरलेला, दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या ड्रायव्हरला विचारलं, तर तो बैलहोंगलकडचा, कानडीत म्हणाला 'बलक्के'. आपल्या या कोल्हापूरच्या पाहुण्याला बलक्के म्हणजे उजवीकडे की डावीकडे हेच कळेना. हे सांगताना तो हसत होता. मला हसू आलं नाही.

नवख्याला दहाव्या नंबरवर ठेवलं ही आमची चूक, ती मी परवा सगळ्यांसमोर कबूल केली. नवखा लीडरच्या लगेच मागे हवा. पण त्याने तुझी चूक कमी होत नाही. मागचा आरशात दिसला पाहिजे. फाट्यावर तो दिसेपर्यंत थांबायचं. पुढचे निघून गेले तर जाऊ देत. तुझ्या पुढच्याला तू आरशात दिसला नाहीस की तो वेग कमी करेल, मग त्याच्या पुढचा, असं करत करत निरोप लीडरपर्यंत पोचतो. फोन लागत नाही, हॉर्न वाजवावा लागत नाही. पण मधल्या एकानेही आरशात बघायचं सोडलं की तिथंच साखळी तुटते. रविवारी ती तुझ्यापाशी तुटली.

तू म्हणशील, मी काही उडवत नव्हतो, पुढच्यांचं अंतर भरून काढत होतो. होय की, सगळे हेच म्हणतात. जरा हिशेब कर. दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर धरलं तर पहिला आणि दहावा यांच्यात अठरा सेकंद. पिरनवाडीच्या गर्दीतून वीसच्या वेगाने जाताना अठरा सेकंद म्हणजे शंभर मीटर. रस्ता मोकळा झाला, सगळ्यांनी साठ धरला, की तेच अठरा सेकंद तीनशे मीटर होतात. कुणी कुणाला टाकून गेलेलं नसतं. पण शेवटच्याच्या डोळ्याला तीनशे मीटर दिसतात, त्याच्या पोटात गोळा येतो आणि तो सत्तर करतो. ते वरचे दोनशे मीटर भरून काढायला सत्तरने जवळजवळ दीड किलोमीटर जावं लागतं. जांबोटीच्या पुढं दीड किलोमीटरमध्ये वळणं किती ते मोज. अशा वेळी माणूस वळण बघत नाही, पुढच्याचा लाल दिवा बघतो. आणि नजर जिकडे, गाडी तिकडे. कडेच्या तांबड्या मुरमात तुझं मागचं चाक सरकलं ना? मला कळलंय.

मी हे इतकं का लावून धरतो, ते तुला कुणी सांगितलं नसेल. सांगणारे आता उरलेही नाहीत.

1993 चा डिसेंबर. माझ्याकडे बुलेट, मित्राकडे जुनी टू-स्ट्रोक. आम्ही दोघंच, बेळगावहून वेंगुर्ल्याला. आंबोलीपर्यंत बरोबर होतो. घाट लागला आणि मला जोर चढला. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं. लांब उतारावर मूठ बंद ठेवली की इंजिनाला तेल पुरत नाही, पिस्टन जाम होऊ शकतो. मधूनमधून क्लच दाबून जरा रेस द्यायची असते. शिवाय त्या इंजिनाचा ब्रेक फारसा लागत नाही, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर. हे मला माहीत होतं. त्याने गाडी घेऊन महिनाच झाला होता. मी सांगितलं नाही. सांगायचं डोक्यातच आलं नाही.

खाली दाणोलीत मी चहा घेतला. दुसरा घेतला. साटम महाराजांच्या मठाकडे जाणारी माणसं बघत बसलो. येईल, म्हटलं, ब्रेक मारत मारत येत असेल. पाऊण तास गेला. मग घाट उतरून आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरने काचेतून डोकं बाहेर काढून विचारलं, "तुमचा जोडीदार काय हो वर पडलाय तो?"

खांद्याचं हाड मोडलं होतं. रस्त्याच्या कडेला दगडाला टेकून बसला होता आणि मी गेल्यावर एवढंच म्हणाला, "मी हाक मारली होती."

आता हे ऐक. मी काही मुद्दाम गेलो नव्हतो. तेव्हा मोबाईल नव्हते. त्या घाटात मान वळवून मागे बघितलं असतं तर मीच दरीत गेलो असतो. हे मी तीस वर्षं स्वतःला सांगतोय आणि यातलं एकही खोटं नाही. फक्त आरसे का नव्हते, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. बुलेट घेतल्यावर आठ दिवसांत मी ते काढून माळ्यावर टाकले होते. नुसतं हँडल झोकात दिसायचं.

तो शहापुरात राहतो. लग्नकार्यात भेटतो, बोलतो. गाडीचा विषय निघाला की उठून पान खायला जातो.

तेव्हा क्लबात मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. 'आरसेवाले काका'. दर फाट्यावर थांबवतो म्हणून तिघं सोडून गेले, त्यांचा वेगळा ग्रुप झाला, ते माझ्या आधी अर्धा तास चोर्ल्याला पोचतात. पोचू देत. तिथं गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र एकमेकांना खेटून उभे आहेत, अर्ध्या तासात कुणी जागचं हलत नाही. मी हट्टी आहे, बरं. पण माझ्या मागचा आरशात दिसला पाहिजे. लीडर असो, पाचवा असो, आरशात दिसला पाहिजे. हे पुन्हा पुन्हा लिहितोय हे मलाही दिसतंय.

शेवटी तुला का ठेवलं? कारण शेवटच्याला मागे कुणी नसतं. पंक्चरचं सामान, प्रथमोपचाराची पेटी, दोरी, सगळं त्याच्याकडे. कुणी थांबला की तो थांबणार, सगळे चहा पीत असतील तेव्हा त्याला चहा मिळणार नाही. आणि इतका वेळ मागे राहूनही वळणावर घाई करायची नाही, याला चालवता यावं लागतं. तुला येतं. कमरेतून झुकतोस छान, वळण लागण्याआधीच गिअर खाली आणतोस, हे मी बघितलंय. आरशातूनच बघितलंय.

नसेल यायचं तर राहू दे, मी दुसऱ्याला सांगतो. पण 'माझ्या मोबाईलमध्ये होता' हे पुन्हा लिहू नकोस.

रविवारी साडेसहा, आरपीडी कॉर्नर. चेनला तेल शनिवारी रात्रीच घाल, सकाळी घातलेलं उडून मागच्या चाकावर जातं. आणि तुझ्या ड्यूकचे आरसे तू दिवाळीतच काढून ठेवलेत असं कळलं. घरी असतील तर पिशवीत टाकून सहा वाजता ये. पाना माझ्याकडे आहे.

काका