योना देवाच्या रागाला भिऊन पळालाच नव्हता

तुम्ही विचारलंय की चर्चला जाणं सोडल्यापासून घरचे ऐकवतात, ‘देवापासून पळशील तर योनासारखी गत होईल.’ मग हा देव दयाळू, की पळालेल्याला धरून आणणारा हवालदार?

मी सोलापूरचा, आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल घेतो. योना म्हणजे बायबलमधला तो संदेष्टा, ज्याला मोठ्या माशाने गिळलं होतं. त्याचं नाव घेतलं की पोरं आधी मासा काढतात आणि निम्मा कागद निळा करून टाकतात. मोठ्यांचंही तसंच. खरं तर बायबलमधल्या योनाच्या चार अध्यायांच्या पुस्तकात मासा येऊन-जाऊन तीन-चार ओळींत आटोपतो.

गोष्ट थोडक्यात अशी. देवाने योनाला सांगितलं, पूर्वेला निनवे नगरीला जा आणि तिथल्या लोकांना त्यांच्या दुष्टपणाबद्दल बजाव. (आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ तिचे अवशेष आहेत.) हा याफो बंदरावर गेला आणि भाडं भरून उलट दिशेच्या, तार्शीशच्या जहाजात चढला. वादळ आलं. खलाशांनी माल समुद्रात फेकला, संकट कोणामुळे आलं हे बघायला चिठ्ठ्या टाकल्या, नाव योनाचं निघालं. ‘मला उचलून समुद्रात टाका’ हे तो स्वतःच म्हणाला. तरी त्या परधर्मी खलाशांनी आधी जीव तोडून वल्ही मारली, त्याला वाचवता येतं का बघितलं. त्यांचं कौतुक प्रवचनात फारसं होत नाही, व्हायला हवं.

आता मासा. समुद्रात पडलेला माणूस बुडून मरतो. माशाने गिळलं आणि मग किनाऱ्यावर आणून टाकलं, म्हणून हा वाचला. माशाच्या पोटात बसून योना जी प्रार्थना करतो ती सुटकेबद्दल आभार मानणारी आहे, आणि तेही अजून बाहेर पडलेला नसताना! एकदा वर्गात एका पोराने विचारलं, ‘सर, जायचं भाडं त्याने भरलं, मग यायचं?’ म्हटलं, ‘ते माशाने फुकट आणलं.’ तुमच्या घरचे ज्याला शिक्षा म्हणतात ते हे.

पण मुळात तो का पळाला, हे कळायला चौथ्या अध्यायापर्यंत जावं लागतं. योना शेवटी निनवेला जातो, तिथले लोक त्याचं ऐकतात, राजा राखेत बसतो, गुराढोरांनासुद्धा गोणपाट घालतात, आणि देव त्यांना सोडून देतो. यावर योना भडकतो. म्हणतो, मला ठाऊकच होतं तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध (लवकर न रागावणारा) आहेस, म्हणून तर मी तार्शीशला पळालो! निनवे ही अश्शूर (असिरिया) साम्राज्याची मोठी नगरी. याच अश्शूरने पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास योनाच्या लोकांचं, म्हणजे इस्राएलचं, उत्तरेकडचं राज्य बुडवलं. असल्या लोकांना माफी मिळणार, हे योनाला सोसणारं नव्हतं. देवाच्या रागाची नाही, दयेची धास्ती घेऊन तो पळाला होता.

आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच्या बरोबर उलट. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्यकोठारं लोकांना खुली केली आणि विठोबाने विठू महार होऊन बिदरला जाऊन ती रक्कम भरली, असं परंपरा सांगते. तिथे भक्ताचा हात आधी सैल होतो आणि देव मागून येऊन निस्तरतो. इथे देवाचा हात सैल झालाय आणि भक्त रुसून नगराबाहेर मांडव घालून बसलाय.

त्या रुसलेल्यालाही देव सोडत नाही. डोक्यावर सावली म्हणून एक वेल उगवतो. दुसऱ्या दिवशी किडा तो वेल खातो, पूर्वेचा झळांचा वारा सुटतो आणि योना म्हणतो, यापेक्षा मेलेलं बरं. मे महिन्यात दुपारी सोलापुरात सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत उभं राहिलेल्या कोणालाही हे वेगळं समजवावं लागत नाही. देव विचारतो, न लावलेल्या, न वाढवलेल्या वेलाची तुला एवढी हळहळ. मग ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी १,२०,००० हून जास्त माणसं या नगरात आहेत, शिवाय पुष्कळ गुरं, त्यांची मला वाटू नये? पुस्तक इथेच संपतं. योना काय म्हणाला, लिहिलेलं नाही.

तेव्हा पाठलाग आहे, हे मी नाकारत नाही. तार्शीशच काय, कुठेही गेला असता तरी सुटला नसता. पण त्या पाठलागात योनाला एकही फटका बसलेला नाही, उन्हाचा चटका सोडला तर. चर्चला जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण दहशतीपोटी जाऊ नका. आणि घरच्यांनी पुन्हा योनाचं नाव काढलं, तर चौथा अध्याय मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. बरेच जण माशापाशीच थांबलेले असतात.