ड्यूटी सुटल्यावरच्या कामाचा हिशोब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

वाळूजच्या कारखान्यातली ड्यूटी सुटली की संध्याकाळी मोटारसायकलवर डिलिव्हरीचं काम धरावं का, असं विचारलंस. गावाकडं चार पैसे जास्त जावेत ही तुझी ओढ मला कळते, म्हणूनच सांगतो, आधी वही-पेन घे.

समज, अ‍ॅपवर दिवसाचे 450 रुपये दिसले. बजाजनगरच्या खोलीवरून शहरातल्या क्रांती चौकाकडं जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर रिकामे, ऑर्डरीचे पस्तीस, झाले 60. गर्दीत गाडीनं 45 चं अ‍ॅव्हरेज दिलं तर पेट्रोलचे 140. ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक-शू आणि गाडीची उतरत जाणारी किंमत मिळून किलोमीटरला रुपया तरी धर, म्हणजे 60. हातात राहिले 250. अ‍ॅपवर तू चारच तास होतास, पण खोलीतून निघून परत खोलीत येईपर्यंत पाच गेले. तासाला पडले 50.

आता पगाराची स्लिप काढ. 15,000 ला आधी 26 दिवसांनी, मग 8 तासांनी भाग. तासाचे 72 येतात. ओव्हरटाइमचा दर कायद्यानं दुप्पट, म्हणजे 144. दोन तास थांबलास तर 288, तेही पेट्रोल न जाळता. कित्येक ठेकेदार सिंगल दरानंच देतात. 72 सुद्धा 50 पेक्षा जास्तच, पण तेवढ्यावर गप्प बसू नकोस. ओव्हरटाइमचे तास रोज तारखेनिशी लिहून ठेव, स्लिपशी ताडून बघ आणि फरक निघाला तर लाइनवरच्या चौघांना घेऊनच बोलायला जा. एकटा गेलास तर तुझंच नाव लक्षात राहतं.

ओव्हरटाइम मिळतच नसेल, तर डिलिव्हरी बजाजनगर आणि वाळूजजवळचं पंढरपूर एवढ्या भागातच कर. ऑर्डरी कमी पडतील, 350 च मिळतील. पण 35 किलोमीटरचा खर्च 117, उरले 233, तेही चार तासांत. तासाला 58. शहरात जाऊन मिळतात त्यापेक्षा बरे, शिवाय झोपेला एक तास वाचला.

या कामासाठी नवी गाडी हप्त्यावर घेऊ नकोस. पाऊस लागला, ताप आला तरी हप्ता थांबत नाही. विमा खासगी वापराचा असेल तर डिलिव्हरीवर असताना झालेल्या अपघाताचा क्लेम अडू शकतो. एजंटाला आधीच विचारून घे. दुसऱ्या कारखान्यात रात्रपाळी धरायचा विचार तर सोडूनच दे. एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला 1948 च्या कारखाने अधिनियमातच मनाई होती, आणि त्यामागं कारण होतं. तू पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर आहेस. झोप पाच तासांवर आली की पहाटेच्या सुमाराला डोळा लागतो, आणि हात डायमध्ये, म्हणजे साच्यात असताना पाय पेडलवर पडतो.

पंधरा दिवस रोज लिही: निघालो किती वाजता, आलो किती वाजता, मीटर किती होतं, पेट्रोल किती टाकलं, हातात किती आले. मग त्या पानांचे फोटो पाठव. पेरणीच्या आत गावाकडं किती धाडता येतील, ते त्यावरून ठरवू.