जुन्या मालकाचं थकलेलं वीजबिल: सगळं भरू नका, पण हात झटकूनही चालणार नाही

परभणीत जुनं घर घेतलंत, खरेदीखत झालं, वीज जोडून मीटर नावावर करायला गेलात तर मागच्या मालकाची १९ महिन्यांची ४१,००० रुपये थकबाकी निघाली. एक युनिटही न वापरता ती का भरायची, हा तुमचा प्रश्न.

चिडणं साहजिक आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय की नियमात तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी भरण्याची अट नव्या मालकाला घालता येते. आपल्याकडे तशी तरतूद आहे, आणि तिच्यातच तुमची सुटका आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विद्युत पुरवठा संहितेतला विनियम १२.५ काढून वाचा. थकबाकीचा बोजा जागेवर राहतो, पण नव्या मालकाकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या बिलांपुरतीच वसुली करता येते. ही सवलत वारसाला नाही. वडिलांचं मीटर मुलाच्या नावावर होताना पूर्ण बाकी भरावी लागते. तुम्ही खरेदीदार आहात, वारस नाही, हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहा आणि खरेदीखताची प्रत जोडा.

सरासरी काढली तर तुमचे सहा महिने तेरा हजारांच्या आसपास जातात. पण सरासरीवर तोंडी बोलू नका. आधी महावितरणकडून त्या ग्राहक क्रमांकाचा सीपीएल उतारा (कन्झ्युमर पर्सनल लेजर, म्हणजे ग्राहकाच्या खात्याची नोंद) मागा. त्यात महिन्यागणिक बिल, व्याज, भरणा सगळं दिसतं. मग लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. नाही ऐकलं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यापुढे विद्युत लोकपाल.

माझं सांगतो. २०१७ ला लातुरात घर घेतलं. विकणाऱ्याने खालच्या मीटरचं शून्य बाकीचं बिल दाखवलं, मी खूश. जिन्याखाली लाकडी फळी होती, तिच्यावर स्क्रूची चार भोकं आणि कापलेल्या दोन वायरी. मी ती रोज पाहत होतो, विचारलं मात्र नाही. वरच्या मजल्यासाठी जोडणी मागितली तेव्हा कळलं, त्या फळीवर भाडेकरूचं मीटर होतं, बिल थकल्याने कायमचं बंद केलेलं. म्हणून घर बघताना अशा रिकाम्या फळ्या बघा आणि जागेवर आजवर किती जोडण्या होत्या ते विचारा. शेत घेताय तर विहिरीवरचं आणि बोअरचं, दोन्ही कनेक्शन तपासा. सातबाऱ्यावर ही बाकी दिसेलच असं समजू नका.

घरपट्टीचं गणित वेगळं. महापालिका हद्दीत मालमत्ता कराचा बोजा थेट जागेवर असतो आणि तिथे ही सहा महिन्यांची सूट लागू नाही. तेव्हा घरपट्टी आणि नळपट्टी, दोन्हींचा थकबाकी नसल्याचा दाखला आजच मागा.

जे भराल ते विकणाऱ्याकडून परत मागता येतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर विक्रीच्या तारखेपर्यंतचे सार्वजनिक आकार (म्हणजे कर, पट्ट्या) विकणाऱ्याने भरायचे असतात. वीजबिलाबाबत मात्र खरेदीखतातच स्पष्ट ओळ असेल तर वाद उरत नाही. तुमच्या खरेदीखतात ‘मागील सर्व देणी लिहून देणार (म्हणजे विकणारा) यांनी भरावीत’ अशी ओळ आहे का, ते पाहून सांगा. असेल तर भरल्याची पावती जोडून विकणाऱ्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवायची. मसुदा मी करून देतो.